दुखण्याला दुसरा शब्द

सासूबाईंचा दिवसातून दहा वेळा जीव जायचा. चहा गरम लागला की जीव गेला, जिना चढला की जीव गेला, शेजारचं कुत्रं भुंकलं तरी जीव गेला. एकदा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तर "आता माझं मेलीचं काय होणार" म्हणून त्यांनी असा आकांत मांडला की खालच्या मजल्यावरचा म्हातारा काठी घेऊन वर धावत आला. घड्याळात नवा सेल घातला आणि बाई पुन्हा सोफ्यावर निवांत. त्यांचं बोलणं घरात कोणी मनावर घेत नसे. घेतलं असतं तर घराचा दवाखाना झाला असता.

सुनेचं काम याच्या अगदी उलट. गिझर विकणाऱ्या एका कंपनीत ती तक्रारींना उत्तरं लिहायची, आणि तिथला नियम असा की आग लागली तरी उत्तरातून धूर दिसता कामा नये. 'प्रॉब्लेम' हा शब्द तिथे शिवीसारखा. त्याच्या जागी 'इश्यू' लिहायचं. 'लीक' नाही, 'मॉइश्चर'. एका गृहस्थाच्या बाथरूमचं छत गिझरसकट खाली आलं, तेव्हा सगळ्यांनी हात टेकले आणि ते काम हिच्या टेबलावर आलं. तिने 'ॲक्सिडेंट', 'डॅमेज', 'इन्सिडेंट' असे एकेक शब्द भाजी निवडावी तसे निवडून बाजूला टाकले आणि शेवटी लिहिलं, 'इनकन्व्हीनियन्स'. म्हणजे गैरसोय! माणसाच्या डोक्यावर छत पडलं आणि त्याची गैरसोय झाली. मॅनेजरबाई खूश झाल्या. नवरा त्यावरून तिला 'मखमल' म्हणायला लागला, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं.

सासूबाईंच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा त्यांना दवाखान्यात न्यायचं काम मखमलीवरच आलं. नवरा ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर असायचा. या परक्या देशात सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि डॉक्टरला मराठी.

"काय होतंय, ते सांगा आई."

सासूबाई पदर सावरून बसल्या. ऐकणारं नवीन माणूस मिळालं की त्यांची कळी खुलायची. "काय सांगू बाई! आतून कोणीतरी पिळे घालतंय बघ, ओल्या चादरीला घालतात तसे. इथून सुरू होतं आणि पाठीत शिरतं. उठवत नाही, बसवत नाही. जीव जातो नुसता!"

डॉक्टर पेन उघडून सुनेकडे बघत होता. तिच्या डोक्यात शब्द रांगेने उभे राहिले. 'ॲगनी' म्हणजे मरणाची वेदना, तो तर हसण्यावारीच गेला. 'सिव्हिअर पेन', तोही फार झाला. घड्याळ बंद पडल्यावर रडणारी बाई ही. 'पेन' नुसताच? शेवटी रोजच्या सवयीने हात मऊ शब्दावर गेला. 'माइल्ड डिस्कम्फर्ट', ती म्हणाली. जरा अस्वस्थ वाटतं. डॉक्टरने मान हलवली आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "एवढं मी बोलले, आणि तू दोन शब्दांत आटोपलंस?"

"इंग्रजीत कमी लागतात, आई."

"काटकसरी भाषा दिसते," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी बसस्टॉपपर्यंत हसत गेल्या.

गोळ्या संपल्या, दुखणं संपलं नाही. पुन्हा गेल्या. या वेळी सासूबाई म्हणाल्या, "घास घशाखाली उतरत नाही, अन्न बघितलं की भीती वाटते." सुनेने सांगितलं की भूक थोडी कमी झाली आहे. 'फिअर' हा शब्द तिला येत नव्हता असं थोडंच आहे? पण जेवणाला कोण भितं! डॉक्टरसमोर आपलं माणूस अडाणी दिसू नये, असंही तिला वाटलं. गोळ्यांचा रंग बदलला. सासूबाईंचे ब्लाउज ढिले पडायला लागले, आणि सुनेने ते न बोलता आत घेऊन शिवले.

तिसऱ्या वेळी डॉक्टर नवा होता. त्याने काही विचारण्याआधीच पोटावर हात ठेवून दाबलं आणि सासूबाई अशा किंचाळल्या की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

तपासण्या झाल्या, फोटो निघाले. मग डॉक्टरने सुनेला एकटीलाच आत बोलावलं. त्याने संगणकावर मागचं सगळं वाचलं आणि विचारलं, इतकी मोठी गाठ, आणि हिला आजवर फक्त माइल्ड डिस्कम्फर्ट होता?  मग तो सावकाश बोलायला लागला. ऑपरेशनची वेळ गेली, असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, या टप्प्यावर ऑपरेशन 'ॲडव्हायझेबल' नाही. त्या मरणार, असंही म्हणाला नाही. 'वी विल कीप हर कम्फर्टेबल', एवढंच म्हणाला.

तिला लख्ख कळलं. यंत्र दुरुस्त होणार नसलं आणि बदलूनही मिळणार नसलं की तीही अशीच लिहायची. हा माणूस तिच्याच धंद्यातला होता.

नवरा ट्रक तसाच सोडून आला. रात्रभराचा प्रवास करून आलेला, डोळे लाल. तिने त्याला सगळं सांगितलं, कुठे कोणता शब्द घातला तेसुद्धा. 

"आईचं बोलणंच तसं," तो म्हणाला. "मी असतो तर तेवढंही सांगितलं नसतं."

तिला बरं वाटावं म्हणून तो बोलला होता. तिला बरं वाटलं नाही. त्याने ओरडायला हवं होतं, असं तिला वाटलं.

सासूबाईंना सांगितल्याशिवाय तिला राहवेना. दुपारी त्यांचे केस विंचरताना तिने सांगून टाकलं. "आई, तुमचं दुखणं मी डॉक्टरला कमी करून सांगितलं. दर वेळी. वेळेवर कळलं असतं तर..."  ती रडायला लागली.

 सासूबाई म्हणाल्या, "माझं पुरतं कधी कोणी ऐकलंय गं? माझ्या नवऱ्याने नाही, मुलाने नाही. तू तरी कुठून ऐकणार, तूही आता घरचीच. विंचर, थांबू नकोस."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सुनेला त्या धरून रडता तरी आलं असतं.

पुढे सासूबाईंचा आवाजच बसला. आकांत करायलाही अंगात बळ लागतं, ते उरलं नव्हतं. चहा गरम लागला तरी त्या बोलत नसत. घड्याळ पुन्हा बंद पडलं, आणि त्या नुसत्या त्याच्याकडे बघत पडून राहिल्या. घरात इतकी शांतता कधीच नव्हती, आणि सुनेला ती सोसवत नव्हती.

औषध द्यायला घरी नर्स यायची. मनाने चांगली होती, पण घाईत असायची. त्या दिवशी तिने विचारलं की आज कसं दुखतंय. सुनेने मराठीत विचारलं.

"जरासं," सासूबाई म्हणाल्या. डोळे मिटलेले, चेहरा शांत. पण चादरीखाली त्यांनी सुनेचं मनगट धरलं होतं आणि बोटं हाडात रुतत होती.

सुनेने या वेळी शब्द निवडला नाही. जो रांगेत सगळ्यात आधी उभा होता आणि जो तिने सगळ्यात आधी हाकलला होता, तोच उच्चारला. 'ॲगनी', ती म्हणाली. नर्सने सासूबाईंच्या शांत चेहऱ्याकडे पाहिलं, मग सुनेच्या रडून सुजलेल्या डोळ्यांकडे. तिने सुनेच्या खांद्यावर मायेने थोपटलं. 'सम डिस्कम्फर्ट', ती हलक्या आवाजात म्हणाली, औषध कालच्याइतकंच दिलं आणि बॅग बंद केली. सुनेने तिचा हात धरला, तोच शब्द पुन्हा म्हटला, मोठ्याने म्हटला. नर्स हसली, सगळ्याच सुनांना, मुलींना असं वाटतं म्हणाली, आणि पुढच्या घरी निघून गेली.

दार लागल्याचा आवाज आल्यावर सासूबाईंनी डोळे उघडले.

"काय सांगितलंस तिला?"

"जीव जातोय, असं सांगितलं."

"मग?"

सुनेने मोकळ्या हाताने चादर सारखी केली. सासूबाईंना उत्तर कळलं. त्यांनी मनगटावरची पकड जरा सैल केली आणि त्याच हाताने तिला थोपटलं.

"नाही ना खरं वाटलं तिला?" त्या म्हणाल्या. "असू दे. होईल तुलाही सवय."