सेनापतीने दिलेली शिक्षा

मुलांनो, एक मोठं मैदान मनात आणा बरं. धूळ उडते आहे, रथांची चाकं खडखडताहेत. लाल झग्यातला एक रोमन सेनापती घोड्यावरून खाली बघतो आहे आणि त्याच्यासमोर साखळीने बांधलेला, तुमच्याच वयाचा एक गुलाम मुलगा उभा आहे. दिसला? अनुष्कालाही तो असाच दिसला, इंदुरात, अच्युत आजोबांच्या टीव्हीवर.

इमारतीतल्या पोरांना जुने सिनेमे दाखवायचे आणि मग त्यांना बोलतं करायचं, हा निवृत्त मास्तर असलेल्या आजोबांचा रविवारचा उद्योग. अनुष्का नुकतीच सांगलीहून आलेली. इथे तिला एकही मैत्रीण नव्हती. आज कोणीतरी आपल्याला जवळ बसवून घ्यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

सिनेमा हिंदीत बोलत होता. सेनापती गरजला, "इस बालक को शिक्षा दो!" शिपायांनी मुलाला ओढत नेलं. पुढे तो भर उन्हात लाकडी तलवार फिरवताना दिसला. हात जरा खाली आला की पाठीवर काठी बसे.

सिनेमा संपल्यावर आजोबांनी विचारलं, "सेनापती कोणाला चांगला वाटला?" भराभर हात वर झाले. "आणि वाईट?"

अनुष्काचा एकटीचा हात वर.

"अरे भिया, हिला सेनापती वाईट वाटून राहिला!" मानस अस्सल इंदुरी थाटात ओरडला. "अगं, किती दिलदार होता! गुलामाला शिक्षा दिली ना त्याने!"

"तेच तर म्हणतेय मी! त्या बिचाऱ्याने काय केलं होतं?"

"काही करायला कशाला पाहिजे?" मिताली म्हणाली. "शिक्षा तर सगळ्यांनाच मिळाली पाहिजे. मम्मी म्हणते, मुलींना तर जास्तच!"

अनुष्काला वाटलं, कुठल्या गावात येऊन पडलो आपण!

आजोबांना हसू आवरेना. "बाळ, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपण जिला शिक्षा म्हणतो, तिला हिंदीत सजा म्हणतात."

"म्हणजे सांगलीत शिक्षामंत्री छडी घेऊन फिरतो काय?" मानसने विचारलं आणि सगळी खोली खदखदली.

अनुष्काचे कान तापले. मिताली सोफ्यावर सरकली, शेजारची जागा थोपटत म्हणाली, "जाऊ दे गं, कर हात खाली. ये, बस इथे."

हात अर्धा खाली आला. पण काठीचं काय? ती तर हिंदीतही काठीच होती.

"आजोबा, ते शिक्षण होतं, तर तो रडत का होता?"

"शाळेत पहिल्या दिवशी सगळेच रडतात," मानस म्हणाला.

"पण शेवटी तो सगळ्यांत शूर झालाच ना?" मिताली म्हणाली, मग तिनेच पुढे विचारलं. "पण तलवार त्याने मागितली कुठे होती?"

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "थांबा रे, आता माझाच गोंधळ झाला. मी हा सिनेमा आजवर नुसता ऐकलाच बहुतेक, नीट पाहिलाच नाही."

मितालीशेजारची जागा अजून रिकामी होती. अनुष्काने तिकडे एकदा पाहिलं. मग अर्धा खाली आलेला हात पुन्हा वर करून तिने दुसऱ्या हाताने रिमोट उचलला, सिनेमा त्या उन्हातल्या मैदानापर्यंत मागे नेला आणि आवाज पूर्ण बंद केला.