एका दगडी वाडग्याची खरवड

मित्रांनो, जरा जपून. मी एक जुना दगडी वाडगा आहे आणि दिसायला थंड दिसलो तरी माझा भरवसा धरू नका. चुलीवरून उतरल्यावरही मी बराच वेळ धुमसत असतो. माझा स्वभावच तसा आहे. लवकर तापत नाही, आणि एकदा तापलो की लवकर निवतही नाही.

माझा जन्म डोंगराच्या पोटातला. करड्या दगडाचा एक तुकडा चाकावर फिरवून, पोखरून, घासून एका कारागिराने मला घडवले. शेवटी त्याने मला उचलून टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा टिकेल." ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. पुढे फारशा मिळाल्या नाहीत, म्हणून हिचे अप्रूप अजून आहे.

पेंढ्यात गुंडाळून, जहाजात बसून मी एका कोरियन खानावळीत आलो. खानावळ लहानशीच. एका अंगाला चपलांचे दुकान, दुसऱ्या अंगाला कपडे धुऊन देणारा. आत सहा टेबले, कुरकुरणारा एक पंखा आणि दारामागे ओल्या छत्र्यांसाठी बादली. खानावळ चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. खानावळवालीला मावशी म्हणायची कोरियन लोकांत रीतच आहे. त्यामुळे शाळेतल्या पोरांपासून टक्कल पडलेल्या पोस्टमनपर्यंत सगळा मोहल्ला त्यांचा भाचा होता.

मावशींनी आल्याआल्या मला मिठाच्या पाण्यात उकळले आणि वरून तेलाचा हात फिरवला. भांडीवाल्याला बजावले, "याला साबण लावलास तर याद राख." दगड साबण पितो, मित्रांनो, आणि दुसऱ्या दिवशी भातात सोडतो. मग मी कामाला लागलो. तळाला तिळाचे तेल, त्यावर भात, भातावर गाजर, पालक, मोड आलेले सोयाबीन, मधोमध अंडे आणि एक चमचा लाल तिखट चटणी. याला बिबिमबाप म्हणतात. मी चरचरत निघालो की शेजारच्या टेबलांवरच्या माना वळत. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडे.

पण माझी खरी करामत तळाशी असते. दगडाला लागून भात जी सोनेरी खरवड धरतो, ती. जाणते गिऱ्हाईक वरचा भात गप्पा मारत खात आणि सगळा जीव खरवडीत ठेवत. पोस्टमन तर चमच्याने अशी खरवडायचा की मला गुदगुल्या व्हायच्या.

जेवणासोबत किमची म्हणजे आंबवलेला तिखट कोबी, मुळा, पालक अशा लहान लहान बशा येत आणि रिकाम्या झाल्या की न मागता भरल्या जात. त्या भरण्यापायी मावशींचे पाय कधी थांबले नाहीत. गर्दी ओसरली की त्या ओट्याशी उभ्या राहून, उरलेसुरले एका पातेल्यात कालवून चार घास खात. त्यातही कोणी आले की पातेले खाली ठेवीत. वाढण्याचे काम त्यांच्या मुलाकडे होते. तो म्हणे, "आई, बस ना गं जरा." त्या म्हणत, "बसले की उठवत नाही रे." हे बोलणे मला पाठ झाले होते.

अशी माझी ऐन उमेदीची वर्षे गेली. मग एका नव्या भांडीवाल्याने मला चुलीवरून उतरल्याउतरल्या गार पाण्याखाली धरले. अंगभर तडा गेला. मुलाने तांब्याची पट्टी आवळून मला वाचवले, पण गिऱ्हाइकासमोर नेण्याजोगा मी राहिलो नाही. वरच्या फळीवर माझी रवानगी झाली. आधी माझ्यात लसूण ठेवत, मग रबरबँड, मग न चालणारी पेने. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरे काय! मला त्याचा राग आला होता आणि तो निवायला बराच काळ लागला.

आता मुख्य गोष्ट ऐका.

समोर चष्म्यांचे दुकान होते. तिथे काम करणारी एक मुलगी रोज दुपारी जेवायला येई. वाडगा समोर आला की वाफेने तिचाच चष्मा धुरकट होई आणि मावशींचा मुलगा रुमाल घेऊन धावे. इतर कोणाच्या चष्म्याची त्याने कधी एवढी काळजी केली नाही. व्हायचे ते झाले. दोघांचे ठरले. पण त्या मुलीला आई नव्हती, वडिलांनी एकट्याने तिला वाढवले होते. तिने स्पष्ट सांगितले, "बाबांना दुखवून मी लग्न करणार नाही. ते हो म्हणाले तरच."

वडील लिफ्टची दुरुस्ती करत. लोकांना वरखाली करण्यात आयुष्य गेलेले, बोलणे मात्र कमी. त्यांनी एवढेच म्हटले, "आधी त्यांच्याकडे जेवून तर येऊ."

खानावळीच्या सुट्टीच्या दिवशी त्यांना बोलावले. आणि त्याच दिवशी मावशींनी घोटाळा केला. दर सुट्टीला वापरातले सगळे वाडगे मिठाच्या पाण्यात मुरायला घालायची त्यांची सवय. हात आपसूक चालले. ओला दगड चुलीवर ठेवला तर फुटतो. शोधाशोध केली तेव्हा कोरडे वाडगे निघाले तीन आणि माणसे होती चार.

"तो पट्टीवाला काढ," मावशी मुलाला म्हणाल्या. "मला काय, कसाही चालेल."

पेने ओतून मला खाली काढले तेव्हा माझे काय झाले म्हणून सांगू! आयुष्यात पुन्हा विस्तव दिसेल असे वाटले नव्हते. पाहुण्यांचे वाडगे मावशींनी डोळ्यांत तेल घालून तापवले. माझ्याकडे मात्र बघितलेच नाही. स्वतःसाठी रांधलेल्याकडे कोण बघतो? मी जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ विस्तवावर राहिलो. मग आम्हा चौघांना टेबलावर मांडले. तिघांसमोर तीन माणसे होती. माझ्यासमोर रिकामी खुर्ची.

"सुरुवात करा हं," म्हणून मावशी आत गेल्या.

वडिलांनी चमच्याला हात लावला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते बसून राहिले. आता मावशींच्या घरची रीत अशी की थोरल्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय धाकट्यांनी घास घ्यायचा नाही. त्यामुळे मुलगाही थांबला. मुलगी वडिलांकडे बघत थांबली. आम्ही चौघे आपले चरचरत होतो.

मावशींनी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून पाहिले. पाहुणे जेवत नाहीत! त्यांनी मुळ्याची बशी आणली. मग माशाची. मग गोड भोपळ्याची. जितके वडील खाईनात तितक्या त्या आणत आणि जितक्या त्या आणत तितके वडील गप्प होत. टेबलावर बोट ठेवायला जागा उरली नाही.

"बाबा, असं काय करता? नको असेल तर तसं सांगा," मुलगी हळूच म्हणाली.

"मी कुठे नको म्हणालो?" वडील म्हणाले, पण हात गुडघ्यांवरून हलले नाहीत.

मुलाचा चेहरा उतरला. आत मावशींनी ओट्याला टेकून डोळे पुसले, हे मी पडद्याच्या फटीतून पाहिले. लग्न मोडले, असेच त्या तिघांना वाटले. मलाही वाटले. इकडे माझ्या तळाला भात करपत चालला होता. शेवटी त्याचा वास सुटला.

मावशी धावत आल्या आणि फडक्याने मला उचलू लागल्या. "माफ करा हं, हा माझा आहे. जळलाय. मी आत नेऊन खाते. तुमचे चांगले आहेत, तुम्ही घ्या ना."

"थांबा," वडील म्हणाले. "तुमचं पान इथेच मांडलंय ना? मग आत कशाला?"

"तुमचं झालं की बसेन मी."

"वा! मी तुमच्यासाठी थांबलोय आणि तुम्ही माझ्यासाठी!"

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. वडील जरा ओशाळले. "आमची आई फार कडक होती, ताई. म्हणायची, मी उभी असताना जो जेवेल त्याला वाढायचा डाव मारीन. मारायचीसुद्धा. तेव्हापासून रांधणारं माणूस बसल्याशिवाय मला घास उचलवत नाही."

"अगं बाई! बाबा, पण हॉटेलात तर तुम्ही जेवता की!" मुलगी म्हणाली.

"हॉटेलात रांधणारा दिसत नाही. इथे दिसतोय. आणि हा वाडगा इकडे द्या. खरवड कोणी टाकतं का? आम्ही भावंडं मारामाऱ्या करायचो हिच्यावरून."

त्यांनी स्वतःचा न उष्टावलेला वाडगा मावशींपुढे सरकवला आणि मला ओढून घेतले. वरचा भात बाजूला करून चमचा घातला. पण मी जुना खोडकर, खरवडताना गोल फिरू लागलो. "धरा हो जरा," ते म्हणाले. मावशींनी फडक्याने मला दोन्हीकडून धरले. उभ्याने धरता येईना, म्हणून त्या बसल्या.

कडाकडा खरवड निघाली. वडिलांनी पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला. मग मुलानेही चमचा उचलला. पण वडिलांचे मन अजून मोकळे झाले नव्हते. त्यांनी मुलाकडे बघून विचारले, "माझी पोरगी या घरात आली तर तीही अशीच उभी राहणार का? मला तेवढंच विचारायचं होतं."

मुलगा काही बोलायच्या आत मावशीच म्हणाल्या, "नाही. तिला नाही राहू देणार."

"आणि तुम्ही?"

मावशींना हात कुठे ठेवावेत ते कळेना. म्हणून त्यांनी समोरच्या वाडग्यातला एक घास घेतला. वाफाळता होता. त्या चावता चावता थांबल्या, मुलाकडे बघितले आणि म्हणाल्या, "अरे, हे गरम असताना असं लागतं होय?"

मुलगी हसली, वडील हसले. मुलगा हसला नाही. पाणी आणतो म्हणून तो आत गेला आणि बराच वेळ ओट्याशी, जिथे त्याची आई जेवायची तिथेच, उभा राहिला.

लग्न झाले, मित्रांनो. आता दुपारची गर्दी सरली की सून चष्म्यांच्या दुकानातून येते, खानावळीचे दार लोटून घेते आणि सासूला हाताला धरून खुर्चीवर बसवते. मावशी कुरकुरतात, पण बसतात. जेवतात त्या माझ्यातच, मी त्यांचा झालो आहे. गिऱ्हाइकासमोर मला आजही नेत नाहीत आणि मला त्याचे काही वाटत नाही.

माझे मागणे फार नाही. दगडाच्या भांड्याला साबण लावू नका, तापलेल्याला गार पाण्यात धरू नका, तडा गेला म्हणून लगेच फेकू नका. आणि आज घरी जेवायला बसाल तेव्हा घास उचलण्याआधी एकदा स्वयंपाकघराकडे बघा. तिथे कोणी उभे असेल तर हाक मारा. एका हाकेत ते माणूस येणार नाही. पुन्हा मारा.