डब्यातलं कीर्तन

आल्बर्टबाबांच्या कीर्तनातून माणसं कशी उठतात, हे भुईगावात मटिल्डाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी खोकला येतो. मग पदर नाहीतर रुमाल सारखा केला जातो. मग एक गुडघा हळूच उभा राहतो, आणि एकदा गुडघा उभा राहिला की त्याच्यामागून उरलेला माणूस उभा राहायला वेळ लागत नाही. जाताना तो असा वाकून, असा चेहरा पाडून जातो, की घरी कुणीतरी अखेरच्या घटका मोजत असावं. आणि घरी काय, तर लुईझाबाईंच्या ओटीवरचा टीव्ही आणि त्यावरचा रविवारचा सिनेमा.

आल्बर्टबाबा मटिल्डाचे सासरे. पवित्र शास्त्रातल्या गोष्टींवर आपल्या मराठीत कीर्तन करणारा असा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता. ऐन उमेदीत ते गावच्या क्रुसापुढे उभे राहिले की निर्मळ, गिरीज अशा गावांहून माणसं कंदील घेऊन चालत यायची. बाबांनी योसेफाला भावांच्या हातून विहिरीत टाकला, की बायका पदरानं डोळे पुसत आपापल्या दिरांकडे रागानं बघायच्या. पण यंदाच्या उपवासकाळात क्रुसापुढे शेवटची आरती झाली, तेव्हा ऐकायला उरली होती मटिल्डा आणि गॅसबत्ती. त्यातली बत्तीही फुरफुरायला लागली होती.

त्या दिवसापासून बाबा घरात पाहुण्यासारखे राहू लागले. वाढलं ते जेवायचे, विचारलं तेवढं बोलायचे. एक दिवस मोगऱ्याला पाणी घालता घालता मटिल्डाला म्हणाले, “आता एकच करतो. फर्डीच्या नव्या घराचं. त्यात माणूस अर्ध्यावर उठला, तर देवाची मर्जी कळली. झांज खुंटीला, आणि मी गप्प.”

मटिल्डा घाबरली ती त्या ‘गप्प’ला. सासूबाई गेल्या तेव्हा बाबा सबंध पावसाळा गप्प होते. कीर्तनानंच त्यांना तोंड उघडायला लावलं होतं. आता कीर्तनच गेलं, तर त्यांना बोलतं कशानं करायचं?

आता हे नवं घर म्हणजे काय प्रकरण होतं, तेही सांगायला हवं. जुन्या घरात मोठ्या दिराचा संसार वाढत चालला होता, आणि फर्डिनंडनं, म्हणजे मटिल्डाच्या नवऱ्यानं, वेगळं बिऱ्हाड करायचं ठरवलं होतं. पण सिमेंट मिळे परमिटवर, आणि परमिट मिळे देवाला माहीत कशावर. फर्डिनंड मुंबईच्या गोदीत फिटर. एक दिवस त्यानं तिथं लिलावात निघालेला, एका कुशीत चेपलेला मालाचा कंटेनर घेतला आणि ट्रेलरवर घालून थेट वाडीत आणला. वाटेत दोन फणसांच्या फांद्या आणि एका मांडवाची झालर गेली. माडाच्या ओंडक्यांवरून ढकलत तो केळींच्या पलीकडे नेताना अख्खा गाव जमला होता. त्यातले ढकलायला थोडे, बोलायला फार.

“फर्डी, यात आधी काय यायचं रे?” पाचूबंदरचा सॅन्टन मासे विकायची पाटी उतरवून उभा होता.

“परदेशी मशिनी.”

“आता वसईची मानसं येनार. बाकी सोय चांगली केलीस. मानूस मेला की वेगली पेटी नको.”

“सिमेंटचं परमिट तू आणून दे, सॅन्टन. उद्याच्या उद्या हा डबा समुद्रात सोडतो.”

त्यावर सॅन्टननं सांगितलं की समुद्रात आधीच गर्दी आहे.

फर्डिनंडनं डब्याला गॅस कटरनं दोन खिडक्या पाडल्या, त्यांना गज जोडले, वर झावळ्या शाकारल्या, आतून निळा ऑइलपेंट दिला. भिंतीत खिळा जाईना, म्हणून येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीसाठी हूक वेल्डिंग करून बसवला. घाईत तसबीर आधी टेकवून बघितली, त्यामुळे चौकटीचा कोपरा जळला तो जळलाच. दाराची एक फळी त्यानं कायमची बंद केली आणि एक वापरायला ठेवली. ती बाहेरच्या बाजूला उघडायची. बाहेरून तिला कंटेनरचा मूळचा उभा लोखंडी दांडा होता, मूठ फिरवली की खालीवर घट्ट बसणारा. मटिल्डा म्हणाली, हा काढून टाक. फर्डिनंड म्हणाला, एवढी मजबूत कडी बाजारात शोधून सापडायची नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी फादरांनी येऊन घराला आशीर्वाद दिला, पवित्र पाणी शिंपडलं, आणि “गरम होतं हं” असं म्हणून ते पुढच्या घरच्या आजाऱ्याकडे गेले. मग बाबा उभे राहिले. फर्डिनंड पेटी वाजवायला बसला. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, अशी डबाभर माणसं दाटीनं बसली. मटिल्डानं दाराजवळची जागा मागून घेतली होती. उठणाऱ्याला अडवायचा तिचा बेत होता. कसं, ते अजून ठरलं नव्हतं.

गाव या घराला नोहाचं तारूच म्हणत होता, तेव्हा बाबांनी आख्यान तेच घेतलं.

तारू बांधी नोहा, हसे सारा गाव,
पाण्याविना नाव कशापायी?

आणि पहिल्याच ओळीला एक नवल झालं. बाबांचा आवाज अलीकडे थकला होता. क्रुसापुढच्या मोकळ्यावर तो चार पावलांवर विरून जायचा. पण या लोखंडात तो भिंतीवर गेला, तिथून छपरावर गेला आणि दुप्पट होऊन परत आला. झांजेचा एक ठोका पडला की पाठोपाठ तीन ऐकू यायचे. बाबा क्षणभर थांबले, आपल्याच आवाजाकडे कान देऊन बघितल्यासारखे. मग त्यांनी डोळे मिटले आणि तेच पद पुन्हा घेतलं, या खेपेला जरा छाती काढून.

पूर्वरंग सरला. देवानं नोहाला सांगितलं, प्रत्येक जातीची जोडी घे. हत्ती चढले, बगळे चढले. नोहाची बायको मात्र पाटा-वरवंटा कडेवर घेऊन खाली उभी. नोहा म्हणतो, बाई, एवढं ओझं कशाला? देवानं फक्त जोड्या घ्यायला सांगितल्यात. ती म्हणते, मग ही काय आहे?

डबा हसला. लोखंडानं ते हसूही दुप्पट करून परत दिलं. त्या हशातच शेजारच्या बर्थामावशी उठल्या. त्यांच्या कोंबड्या तिन्हीसांजेला कोंडाव्या लागत. नाहीतर मुंगूस येई. त्या वाकून मटिल्डाच्या अंगावरून पलीकडे गेल्या, आणि मटिल्डा त्यांचा पदर धरीपर्यंत बाहेरही पडल्या. बाबांचे डोळे मिटलेले होते, हे एक बरं झालं. मावशींनी जाताना शहाण्या बाईसारखं दार ओढून घेतलं.

“आणि सगळे आत गेल्यावर,” बाबा सांगत होते, “देवानं आपल्या हातानं बाहेरून दार लावलं.”

खट्ट.

मटिल्डानं पाठ दाराला लावून बघितली. दार हललं नाही. खांद्यानं ढकललं. ढिम्म. मावशींच्या रोज खुराड्याला कडी घालणाऱ्या हातानं सवयीनं मूठ फिरवली होती.

आता तिला काय करता आलं असतं? खिडकीशी जाऊन हाक मारली असती, तर रस्त्यावरचं कुणीही येऊन उघडतं. पण मग दार उघडतं. ती उठलीच नाही. देवाघरी याचा हिशेब विचारला, तर ‘मी काहीच केलं नाही’ असं म्हणता येईल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

सिनेमाची वेळ जवळ आली तसे खोकले सुरू झाले. सगळ्यांचं लक्ष लुईझाबाईंकडे. त्या शाळेत बाई, आणि गावात टीव्ही त्यांचा एकटीचा. त्या उठल्याशिवाय दुसऱ्या कुणी उठण्यात अर्थच नव्हता. अखेर बाईंचा गुडघा उभा राहिला. त्या दाराशी आल्या.

“सर गं जरा.”

“बाई, थोडं थांबा ना. आता पाट्यानं तारू कलंडणार आहे.”

“कलंडू दे. मला घरी दिवा लावायचाय.”

“दिवा की टीव्ही?”

“ते माझं मी बघेन. सर.”

मटिल्डानं त्यांचा हात धरून खाली ओढलं आणि कानात सांगितलं, “बर्थामावशी बाहेरून कडी घालून गेल्या.”

बाईंनी डोळे मोठे केले. “मग खिडकीतून हाक मार कुणाला.”

“मारीन. पण बाबा म्हणालेत, आज कुणी अर्ध्यावर उठलं तर झांज कायमची खुंटीला. तुम्ही उठलात की सगळे उठतील. बाबा मग बोलायचेच नाहीत हो, घरात कुणाशीच.”

बाईंनी बाबांकडे बघितलं. बाबा घामानं निथळत होते, आणि नोहाची धाकटी सून सासूच्या पाट्याबद्दल काय बोलली ते नाक मुरडून सांगत होते.

“तू मला फसवून कोंडलंस असं मी गावात सांगेन,” बाई म्हणाल्या, आणि तिथंच मांडी घालून बसल्या. बाई बसल्या म्हटल्यावर चार खोकले आपोआप बरे झाले.

मग मात्र आख्यान रंगलं. पाऊस बाबांनी नुसत्या झांजेवर वाजवून दाखवला. आधी थेंब थेंब, मग सरी, मग लोखंडी छपरावर असा काही कोसळला की पुरुषांनीही वर बघितलं. पंखा कुठला, माणसं टोप्यांनी वारा घेत होती, पण बघत होती बाबांकडे. तारू एका कुशीवर कललं. मुलं म्हणतात, बाबा, पाट्याच्या बाजूला कललं. नोहा म्हणतो, टाक तो पाण्यात. आणि त्याची बायको काय करते, तर पाट्यावर बसते.

इतका वेळ ताठ बसून मटिल्डाचं अंग आंबलं होतं. तिनं निश्चिंतपणे आपला सगळा भार दारावर टाकला.

दार उघडलं. कुरकुरत, पुरतं उघडलं, आणि मटिल्डा उताणी बाहेर, अंगणात.

तिथं बर्थामावशी गोणपाटावर बसल्या होत्या. कोंबड्या कोंडून त्या केव्हाच परतल्या होत्या. आपला हात कुठं फिरला होता ते मूठ बघून त्यांना कळलं, तशी त्यांनी ती हळूच सोडवून ठेवली होती. पण कीर्तनाच्या मध्येच आत शिरायचं कसं, म्हणून खिडकीखाली बसून ऐकत राहिल्या. आतल्या झांजांत मटिल्डाला मुठीचा आवाजही आला नव्हता.

पेटी थांबली. झांज थांबली. उघड्या दारातून वारा आत आला, आणि लुईझाबाईंच्या ओटीची वाट त्या दारातून स्वच्छ दिसत होती. बाबांनी डोळे उघडले. त्यांनी दार बघितलं, आडवी सून बघितली, आणि मागं सरकून बसलेल्या लुईझाबाई बघितल्या. माणूस भोळा होता, पण एवढा नव्हता.

“बंद होतं का रे दार?” त्यांनी विचारलं.

बाकीच्यांना ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक असलेल्या तिघींपैकी एक अंगणात आडवी, एक गोणपाटावर आणि एक तसबिरीकडे बघत बसलेली.

“असो,” बाबा हलक्या आवाजात म्हणाले. “आता उघडं आहे. ज्याला जायचं त्यानं जावं. माझा राग नाही.”

मटिल्डाला अंगणातून फक्त गुडघे दिसत होते. त्यातला एक उभा राहिला. सॅन्टनचा. त्याच्या मागून सॅन्टन उभा राहिला. माणसांतून वाट काढत दाराशी आला. मटिल्डानं डोळे मिटून घेतले.

“सरक जरा, बाय,” तो मटिल्डाला म्हणाला आणि उंबऱ्याशी, वाऱ्याला, टेकून बसला. कानावरची बिडी त्यानं काढली आणि न पेटवता हातात धरली. “आत लय उकडते. बाबा, म्हातारी उठली का पाट्यावरशी? का तारू बुडाला?”

“बायबलात तारू बुडत नाही, सॅन्टन,” लुईझाबाई म्हणाल्या.

“बायबलात पाटा तरी हाय का? बाबांनी घातला, आता बाबांनीच काढला पायजे.”

“मधे बोलू नका रे,” पेटीमागून कुणीतरी म्हणालं. “घरी जाऊन तेच तेच बघायचंय. पुढं काय ते होऊ द्या.”

बाबा उभेच होते. त्यांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. बसलेल्यांत कुणाचाही गुडघा वर नव्हता. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. घाम होताच, त्यामुळे डोळे पुसले की कपाळ, ते कुणाला कळलं नाही.

“लागलं का गं?” बाहेर बर्थामावशींनी विचारलं.

“लागलंय,” मटिल्डा म्हणाली, पण तिथून हलली नाही. गोणपाटाचं टोक ओढून घेऊन मावशींच्या शेजारीच पडून राहिली. आज कितीतरी दिवसांनी तिला कुणावर नजर ठेवायची नव्हती.

“फर्डी,” आतून बाबांचा आवाज आला, लोखंडावर आपटून दुप्पट झालेला, “पट्टी एकानं वर घे.”