घडीचे खोके

कळंबजवळच्या तांड्यावर वर्षा राठोड चौदा बायांचा भरतकामाचा गट चालवते. त्यांच्या आरसे-कवड्यांच्या पिशव्या यंदा पहिल्यांदाच परदेशी जाणार होत्या. तिकडच्या दुकानानं पिशव्या भरायला स्वतःचेच पुठ्ठ्याचे खोके पाठवले. छापलेले, घडी घालून सपाट केलेले. ते नागपूरला पोचले आणि कस्टममध्ये अडकले.

कागदपत्रांचं काम घनश्याम नावाच्या एजंटाकडे होतं. फोन केला की तो म्हणायचा, "होऊन राह्यलं मॅडम, टेन्शन कायले घेता?"

बाराव्या दिवशी वर्षाच्या नावानं नोटीस आली. मालाची खोटी माहिती दिल्याचा ठपका होता. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला कस्टमचा एक कोड असतो, त्यावरून कर ठरतो. घनश्यामनं खोक्यांना जाहिरातीच्या छापील कागदांचा कोड लावला होता.

"तुम्हाले मी फोटो पाठवला होता," वर्षा फोनवर ओरडली. "खाली 'पुठ्ठ्याचे खोके' असंही लिहिलं होतं!"

"सपाट होते ना, मले कागदच वाटले. जाऊ द्या, तांड्यावरच्या बायांले नाही समजत हे. मी निपटवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती आपल्या याडीला, म्हणजे आई सुखीबाईला, घेऊन नागपूरला गेली. कस्टमच्या अधिकारी सत्यभामा गेडाम यांच्यासमोर घनश्याम आधीच बसला होता.

"तुम्ही तर चूक कबूल केली आहे," गेडाम मॅडम म्हणाल्या आणि फाइलमधलं पत्र त्यांनी पुढं सरकवलं. 'आम्ही अशिक्षित असल्याने एजंटास चुकीची माहिती दिली.' खाली वर्षाचं नाव आणि निळ्या शाईचा अंगठा.

वर्षानं पत्र हातात उचललं.

"मी बी.कॉम. झाली, मॅडम. मी सही करते. हा अंगठा कोणाचा?"

"माल लवकर सुटावा म्हणून केलं," घनश्याम पुटपुटला. "फॉर्मॅलिटी असते."

"फॉर्मॅलिटी? मले खोटारडी ठरवलं तुम्ही!"

सुखीबाई उठली. टेबलावरचा नमुन्याचा पुठ्ठा उचलून तिनं घड्यांवरून वळवला, कडा आत खोचल्या आणि उभा खोका मॅडमसमोर आपटला.

"हा कागद हाय का?" मग ती घनश्यामकडे वळली. "मी तर सहीच्या जागी अंगठाच लावते. शाळा नाही भेटली मले. पण दुसऱ्याच्या नावावर कधी नाही लावला!"

गेडाम मॅडमनी खोका फिरवून पाहिला. "घडी घातलेला असला तरी खोका तो खोकाच. कोड दुरुस्त होईल. पण या पत्राची चौकशी करावी लागेल."

"याच्या जुन्या फाइलीही पाहा," वर्षा म्हणाली आणि तिथंच बसून तिनं तीन पानी जबाब लिहिला.

बाहेर घनश्याम हात जोडून उभा होता. "ताई, लायसन जाईल माझं. घरी लेकरं आहेत."

"आमच्या घरी काय दगड आहेत?" ती थांबलीसुद्धा नाही.

चार दिवसांनी खोके सुटले. तोवर दुकानानं अर्ध्या पिशव्या दुसरीकडून मागवल्या होत्या. बायांनी आठवडाभर दात-ओठ खात उरलेल्या पिशव्या भरल्या. महिनाभरानं घनश्यामचं लायसन निलंबित झालं. जुन्या फाइलींत तसलंच आणखी एक पत्र सापडलं होतं, केळापूरकडच्या बांबूकाम करणाऱ्या गटाच्या जमनी आत्राम यांच्या नावाचं.

वर्षा त्यांना शोधत गेली. जमनी अंगणात टोपली विणत होती. सगळं ऐकताना तिचे हात थांबले.

"चुकीची माहिती दिली म्हणून आमचा माल परत आला, तवा गटातल्या बाया माह्याशी बोलणं सोडून गेल्या," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं. मले वाटे, मीच काहीतरी चुकली."

"तुम्ही नाही चुकल्या," वर्षा म्हणाली. "चला, आत्ताच त्यांच्या घरी जाऊ. मी सांगते सगळ्यायले."

जमनीनं हातातली टोपली भिरकावली आणि पायात चप्पल न घालताच ती पुढं निघाली.