पितळी पाटीवरचा आचारी

पोर्ट सईदच्या धक्क्यासमोरच्या कॉफीखान्यात अतिया आचारी आपल्या बोटीवर पडलेल्या बॉम्बची हकिकत पंचवीस वर्षं सांगत होता. इतक्या वर्षांच्या सरावाने ती ऐकणाऱ्यांना पाठ झाली होती आणि अतियाला खरी वाटू लागली होती.

बोटीचं नाव नज्मा. जन्माने अमेरिकन. त्रेचाळीस साली, महायुद्धाच्या घाईगर्दीत, दोन महिन्यांत जोडून पाण्यात ढकललेली. दारूगोळा नेताना तिच्या डाव्या कुशीत पाणतीर घुसला होता, तिथे हे एवढं मोठं पत्र्याचं ठिगळ होतं. लढाई संपल्यावर एका इजिप्शियन मालकाने ती घेतली आणि ती निमूटपणे कापूस आणि कांदे वाहू लागली. पाणतीर लागला तेव्हा जे गल्लीत गोट्या खेळत होते, असे खलाशीसुद्धा ठिगळावर हात ठेवून "आम्हाला पाणतीर लागला ना, तेव्हा" अशी सुरुवात करत. अशा बोटीवर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाने एखादा बॉम्ब आपल्या नावावर घेतला, तर त्यात फारसं वावगं नाही, असं अतियाचं प्रामाणिक मत होतं.

खरी गोष्ट अशी की छप्पनच्या नोव्हेंबरात, सुएझच्या लढाईत, शहरात इंग्रज-फ्रेंच पॅराशूटवाले उतरायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी नज्माच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बॉम्ब पडला तेव्हा अतिया बाजारात लसूण निवडत होता.

कोणीही किनाऱ्यावर उतरायचं नाही, असा कप्तानाचा सक्त हुकूम होता. पण चुलीवर मुलुखियाच्या पाल्याचं हिरवंगार सार शिजून तयार, आणि टोपलीत लसणाची एक पाकळी नाही. लसूण-धण्याच्या फोडणीवाचून मुलुखिया वाढायची, त्यापेक्षा बॉम्ब परवडला, असं इजिप्तमधला कुठलाही आचारी शपथेवर सांगेल. अतिया मागच्या दोरावरून उतरला. परत आला तेव्हा नज्मा धक्क्यालगत नाक पाण्यात खुपसून बसली होती. त्याने झगा गुडघ्यापर्यंत भिजवून घेतला आणि तो गर्दीत मिसळला. कुणी काही विचारलं नाही. त्यानेही कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

आता पंचविसाव्या वर्षी खलाशांच्या क्लबाने पितळी पाटी लावायचं ठरवलं होतं. 'हल्ल्याच्या वेळी नज्मावर हजर असलेले' असा मथळा, खाली नावं. नावं पडताळून द्यायला दमिएत्ताहून नज्माचा जुना सारंग, खलाशांचा मुकादम, रईस जलहूम येणार होता.

"चौऱ्याऐंशीचा झालाय," हाजी सनूसी म्हणाला. हा नज्माच्या इंजिनात तेल घालायचा. कॉफीखान्यात अतियाच्या समोरची खुर्ची त्याची. "पण कुणी कोणत्या दिवशी किती रोट्या खाल्ल्या, तेसुद्धा आठवतं म्हाताऱ्याला."

"आठवू दे की. चांगलंच आहे," अतिया म्हणाला आणि कॉफीत तिसरा चमचा साखर घातली.

"दोन घातलीस आधी."

"माहीत आहे मला."

घरी बायकोचं, उम्म सलवाचं, वेगळंच चाललं होतं. "पाटी लागली की शुक्रवारी बहिणीला घेऊन जाणार आहे मी. तिच्या नवऱ्याचं नाव या शहरात कुठेही नाही, विजेच्या बिलावरसुद्धा चुकीचं आहे."

त्या रात्री अतियाला झोप लागली नाही. नाव लागलं तर ते पितळेत कोरलेलं खोटं असणार होतं. कॉफीखान्यातलं खोटं कॉफीबरोबर विरून जातं. पितळेतलं रोज कुणीतरी पुसून चमकवतं.

बुधवारी क्लबात रईस जलहूम काठी दोन गुडघ्यांत धरून बसला होता. शेजारी क्लबाच्या बाई, इब्तिहाल, यादी घेऊन. एकेक नाव वाचायचं, जलहूमने मान हलवायची, बाईंनी खूण करायची. अतियाचं नाव आलं, आणि जलहूमची मान हलायच्या आत अतिया उभा राहिला.

"बाई, माझं नाव खोडा. मी बोटीवर नव्हतो. लसूण आणायला गेलो होतो."

हाजी सनूसीने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ते मला ठाऊक आहे," जलहूम म्हणाला.

"तुला ठाऊक आहे?"

"अरे गाढवा, आम्ही सगळे तेलाने काळे झालेलो. आणि तू पांढराशुभ्र झगा घालून, हातात लसणाची जुडी धरून, 'कुठे लागलं, कुठे लागलं' विचारत हिंडत होतास."

"मग बोलला नाहीस कधी?"

"विचारलंस कधी? खाली बस. बाई, लिहून घ्या." जलहूमने काठी आपटली. "फोडणी मुलुखियात ओतताना आचारी दचकून श्वास आत ओढतो. हो ना? तुमच्या आईही ओढत असतील."

"आजीसुद्धा," बाई म्हणाल्या. "नाहीतर चव येत नाही."

"याचा दचका नाळेपर्यंत ऐकू यायचा. तोच आमचा जेवणाचा भोंगा. त्या दिवशी नाळेवर आम्ही पाच जण दोर ओढत होतो. बारा वाजले, दचका नाही. साडेबारा, तरी नाही. म्हटलं, आचारी मेला बहुतेक, बघून येऊ. पाचही जण मागे स्वैपाकघरात गेलो. सार चुलीवर, आचारी गायब. आम्ही त्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या शिवीला बॉम्ब पडला. नाळेवर."

"पण रईस," सनूसी म्हणाला, "हा असता तरी तुम्ही जेवायला मागेच गेला असता."

"बाराला जेवून साडेबाराला परत दोरावर, हाजी. बॉम्ब पावणेएकला पडला. हा हुकूम पाळणारा आचारी असता, तर आमची पाच नावं शेजारच्या पाटीवर असती, शहिदांच्या."

बाईंनी यादी वरखाली पाहिली. "पण दोनच रकाने आहेत. होता आणि नव्हता."

"मग तिसरा आखा."

"खोटं नका लिहू," अतिया पुटपुटला.

"तुला कोण विचारतंय," जलहूम म्हणाला.

पाटी लागली. तेरा नावांना एकेक ओळ. शेवटी दोन ओळी: 'अतिया बुरुल्लुसी, आचारी. हल्ल्याच्या वेळी बाजारात. त्यामुळे पाच जण वाचले.' येणारेजाणारे पहिली तेरा नावं भराभर वाचतात आणि चौदाव्यापाशी थांबून हा कोण म्हणून चौकशी करतात. उम्म सलवाच्या बहिणीने तो मजकूर दोनदा वाचला आणि घरी जाताच नवऱ्याला विजेचं बिल दुरुस्त करायला पाठवलं. कॉफीखान्यात अतिया आता खरी हकिकत सांगतो. ती पहिलीपेक्षा लांब आहे, कारण तिच्यात लसणाचा भाव करणंही येतं.

सनूसी मात्र धुमसत असतो. "मी इंजिनात. कमरेएवढं पाणी, वर वाफ, डोळ्यांपुढे अंधार. मला एक ओळ. हा बाजारात, याला दोन."

अतिया त्याच्यासाठी आणखी एक कॉफी मागवतो.

"तू पण यायचं होतंस ना, हाजी. धणेसुद्धा संपले होते."