लिफ्टच्या दाराला अकरा

शपथेवर सांगितलं तरी कोणी विश्वास ठेवणार नाही, पण एका आकड्याच्या जोरावर मी बंद लिफ्टमधून सासरा बाहेर काढला आहे. तो निघाला नसता, तर माझं लग्नच झालं नसतं.

परवा भाचरं जमली, तेव्हा मी हेच सांगत होतो.

"तेव्हा आम्ही लिफ्टचे प्रोग्राम लिहायचो. तुमची मामी पलीकडच्या टेबलावर. तिचे वडील मला पाहायला ऑफिसात आले. मी पसंत पडलो तर ठीक, नाहीतर दुसरं स्थळ हाताशी होतंच. आणि आमच्याच लिफ्टनं त्यांना चौथ्या मजल्यावर आणून कोंडलं. दार उघडेना. आतून नुसतं संगीत."

"का उघडेना?" मोठी भाची म्हणाली.

"एका प्रोग्राममध्ये पुष्कळ थ्रेड, म्हणजे राबणारे गडी. प्रोसेसर मात्र एक. आधी कोणाकडे बघायचं ते कळावं म्हणून प्रत्येकाला एक ते दहा असा मान द्यायचा. न दिला तर पाच. आमच्याकडे ज्यानं त्यानं आपल्या गड्याला दहा देऊन ठेवलेले. संगीत दहा, पंखा दहा, मजल्याचा आकडा दहा. सगळेच पालखीत बसले तर उचलणार कोण? दार बिचारं पाचावर, ताटकळत."

"मग?"

"मामीचा चेहरा पांढराफटक. मी बाह्या सारल्या, दाराला अकरा दिले, प्रोग्राम पुन्हा चालू केला. दार असं धावलं, की त्यांनी बटण दाबायच्या आधीच उघडलं. बाहेर येऊन मग त्यांनी आत हात घालून बटण दाबलं, उगाच राहायला नको म्हणून. घटाघटा पाणी प्यायले, म्हणाले, 'मुलगा कामाचा आहे.' माझा जीव भांड्यात पडला."

खिडकीशी चष्मा पुसत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी मान वर केली.

"अहो, दहाच्या वर आकडा तो घेतच नाही. अकरा दिले असते तर प्रोग्राम तिथंच आडवा झाला असता, आणि बाबा अजून आतच असते. बाकीच्यांना खाली एकावर आणलं, तेव्हा दार उघडलं. आणि ते मी आणलं."

भाचरं माझ्याकडे बघायला लागली.

"बाबांना नाव तुमचं सांगितलं," तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "संगीताला दहा कोणी दिले होते, तेवढं सांगितलं नाही."