दाढेबाबाचा जबडा

रुपरावच्या गोठ्यात दोन बैल होते आणि अकरा वाईस होते, आणि पाऊस आला की भिजायचं कोणी, तर बैलांनी.

वाईस म्हणजे फिटरच्या टेबलावरचा तो लोखंडी जबडा. दांडा फिरवला की दोन दाढा जवळ येतात आणि मधलं लोखंड असं धरतात की बाप आला तरी सोडत नाहीत. कारखानदाराला चार लागतील, लोहाराला एक पुरतो. रुपराव ना लोहार, ना कारखानदार. सावनेरच्या अल्याड सात एकर वावर, कपाशीची पराटी आणि ज्वारी, बस्स. पण नाद म्हणजे नाद. कोणी पत्ते कुटतो, कोणी दंडारीच्या खेळांमागं गावं पालथी घालतो, हा बाबा भंगारामागं फिरायचा. कापूस घेऊन नागपूरला गेला की गाडी रिकामी करायची आणि सरळ लकडगंज गाठून भंगाराच्या ढिगात डोकं खुपसायचं.

ओळख मात्र बेट्याची पक्की. बोटाच्या हाडानं ठोकायचा आणि कान लावायचा. खणखणीत वाजला तर शाबूत, भद्द वाजला तर कुठंतरी चीर. मग पेचाचे आटे बघायचा. जाड, चौकोनी, धार राखून असलेले आटे म्हणजे विलायती माल, घासून गुळगुळीत झालेले म्हणजे कोणीतरी केलेली नक्कल. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण वाईसाच्या अंगावरची उठावाची अक्षरं रॉकेलनं घासायचा, वर जुनं वर्तमानपत्र ठेवून कोळसा फिरवायचा आणि उमटलेला छाप घरच्या छापांशी ताडून बघायचा, सोयरिकीत पत्रिका जुळवतात तसा. पुढं महिनाभर रॉकेलात भिजवणं, गवऱ्यांच्या आरावर शेकणं, तारेच्या ब्रशानं खरडणं. आणि प्रत्येकाला नाव. बारीक कमरेचा तो मेमसाब. पोट सुटलेला आणि कामाला नालायक तो मालगुजार. एकदा धरलं की सोडायचं नाव नाही ती सासू. हे नाव खऱ्या सासूच्या कानावर गेलं तेव्हा ती दोन वर्षं जावयाच्या घरी फिरकली नाही. रुपरावनं त्याचं दुःख केल्याचं कोणी पाहिलं नाही.

त्याची बायको सुभद्रा. जिभेनं तिखट, कामाला वाघीण, आणि बैलांवर तिचा जीव. त्या आषाढात ढवळा बैल भिजून खोकायला लागला तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि निकाल दिला.

"अवो, आयकून घ्या. अकरा झाले. बारावा घेतला ना, त अकराही गोविंदा भंगारवाल्याले गाडी आनाले लावीन. ढवळ्याची शप्पथ घेऊन सांगून राहिली मी."

बैलाची शपथ सुभद्रा उगाच घेत नसे. रुपरावनं नंदीसारखी मान डोलवली.

आता घ्या. त्याच साली कोळशाच्या खदानी सरकारजमा झाल्या आणि सावनेरकडच्या एका खदानीच्या वर्कशॉपातला जुना माल विकायला निघाला. श्रावणातल्या शुक्रवारी सुभद्रानं नवऱ्याला सावनेरला धाडलं ते मारुतीसाठी शेंदूर आणि तेल आणायला. त्यानं शेंदूर घेतला, तेल घेतलं, आणि गाडी खदानीच्या रस्त्याला कशी लागली ते तो पुढं बैलांवर ढकलायचा. तिथं चिखलात तो पडला होता. सव्वा क्विंटलाचा वाईस. जबडे अर्धे उघडे, पेच गंजून दातखीळ बसलेली, बुडाला चार भोकं. रुपरावनं बोटानं ठोकलं. असा वाजला की त्याचे डोळे भरून आले. लग्नातही भरले नव्हते. शपथ आठवली, नाही असं नाही. पण ती ढवळ्याची होती आणि ढवळा तर गाडीला जुंपलेला होता, त्यानं काही तक्रार केली नाही. खिशातलं होतं नव्हतं ते देऊन रुपरावनं चार माणसांकडून माल गाडीवर चढवला.

गावाच्या शिवेवर, कडूनिंबाच्या पाराजवळ, चाक चिखलात बसलं आणि आरा काडकन मोडला. गाडी पाराकडंच कलली होती. बल्ली लावून, आईबापाचं नाव घेत, त्यानं तो डोंगर पारावर सरकवला. आता प्रश्न असा की चाक दुरुस्त व्हायला तीन दिवस, आणि या गावात धुऱ्याबांधावर विळा विसरला तर सांजेपर्यंत राहत नाही. देव सोडून सारं चोरीला जातं इथं. हे मनात आलं आणि रुपराव जागेवरच हसला. पुडी फोडली, तेलात शेंदूर कालवला आणि वाईसाला वरून खालून चोपडून काढलं. गंजही चढणार नाही आणि चोरही शिवणार नाही. स्वतःच्या अकलेवर खूश होत तो रिकामी गाडी लंगडतखुरडत हाकत घरी आला आणि पुडी न् तेल नाल्यात पडलं म्हणून बायकोला सांगून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. निंदणाला निघालेल्या बाया पाराशी थबकल्या. त्यांच्या पुढं यमुताई. गावातली सर्वांत म्हातारी, देवाधर्मातला शेवटचा शब्द तिचा. आखाडीपासून तिची एक दाढ ठणकत होती. तिनं त्या तांबड्या जबड्यासमोर पदर पसरला, गाल धरून डोकं टेकलं, आणि उठली तर ठणका थांबलेला. एवढंच पुरलं. दुपारपर्यंत दाढेबाबाला तीन नारळ फुटले होते.

रुपराव जेवत होता. सुभद्रानं आल्या आल्या त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि शिवेवर देव निघाल्याचं सांगितलं. आ वासून बसला हाये म्हणे, मोठा जागृत. रुपरावला असा ठसका लागला की भाकर नाकातून यायची राहिली. आता बोलावं तर बारावा कबूल करावा लागतो आणि अकरा जातात. न बोलावं तर बारावा जातो. त्यानं पाणी प्यायलं आणि खोबरं खाल्लं.

पुढचं सांगायला नको. लोक दाढ दुखली की लवंग आणायचे, देवाच्या जबड्यात ठेवायचे आणि तेलाची धार सोडायचे. सरपंच मनोहरराव यांना निवडणूक जवळ दिसत होती. शाळेच्या भिंतीसाठी आलेलं सिमेंट पाराला लागलं. मिस्त्रीनं बुडाच्या चार भोकांतून सळया खाली गाडल्या, ओळंबा धरला आणि देव पक्का केला. रुपराव बघ्यांत उभा होता. त्याला राहवेना. दोन बोटं पुढं घ्या, दांडा पुरा फिरला पाहिजे, असं तो बोलून गेला. मिस्त्री म्हणाला, देवाचा दांडा तुले काहून फिरवाचा हाये गा? सारे हसले. पण मिस्त्रीनं दोन बोटं पुढं घेतला.

गड्यांनो, असा बसवलेला वाईस अख्ख्या तालुक्यात नव्हता. आणि रोज सकाळी त्याच्यासमोर हात जोडून उभं राहण्यापलीकडं रुपरावच्या हाती काही नव्हतं. लोकांना वाटायचं माणूस सुधारला.

श्रावण सरता सरता नाल्याचं पाणी विहिरीत घुसलं. विहीर गढूळ झाली, लेकरांना हगवण लागली. पिण्याचा आसरा एकच, दुष्काळाच्या वर्षी सरकारनं दिलेला हातपंप. नेमका तोच बंद पडला. आतली सळई तुटली होती. गड्यांनी पाईप वर ओढले, पण दोन पाईप जोडणारी सॉकेट गंजून एकजीव झाली होती. ती सुटल्याशिवाय सळईला हात लावता येईना, आणि तालुक्याचा मेकॅनिक पोळ्यानंतरच यायचं म्हणत होता.

रुपरावच्या अंगात बळ आलं. अकरा लोखंडं काय कामाची, ते आज गावाला दाखवतो, म्हणत त्यानं ओंडक्यावर सासू ठोकली, पाईप धरला, आणि शेजारच्या नत्थूजीला पाना ओढायला लावलं. सासूनं पाईप सोडला नाही. पण ओंडकाच उलटला आणि नत्थूजी शेणाच्या खड्ड्यात. मालगुजाराचंही तेच झालं. वाईसाचं दुखणं हेच असतं. जबडा कितीही जबर असो, बूड हललं की सारं मुसळ केरात. बाया पाण्याचे रिकामे गुंड-कळशा घेऊन हसत होत्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. सुभद्राच्या शेजारणीचं लेकरू आईच्या खांद्यावर मान टाकून पडलं होतं.

रुपरावनं त्या लेकराकडं पाहिलं. मग पाईपाचं एक टोक उचललं आणि नत्थूजीला म्हणाला, चाल शिवेवर.

पाराशी यमुताई दिवा लावत होती. पाईप पाहून ती आडवी आली.

"देवाच्या तोंडात पाईप घालशीन काय गा?"

सारं गाव मागं उभं होतं. सुभद्रा पुढंच होती. रुपरावनं पाईपाचं टोक खाली टेकवलं.

"काकी, हा देव नोहे," तो म्हणाला. "वाईस हाये. खदानीतून मीच आनला. चोरी जाऊ नये म्हनून शेंदूर लावला. लय चुकलं माह्यं."

रुपरावनं बायकोकडं पाहायचं टाळलं. गोठ्यातले अकराच्या अकरा त्याला गाडीवर चढताना दिसले.

यमुताईनं मात्र तोंड वाकडं केलं. "तू आनला म्हनून काय झालं? मारुतीचा दगडही कोनाच्या तरी गाडीवरूनच आला असन. देवाले बैलगाडी लागत नाही काय? तू निमित्त. बाजूले हो."

झाला वेदान्त. सरपंच इकडं तिकडं पाहू लागले. तेवढ्यात सुभद्रा पुढं आली. कमरेवरचा गुंड तिनं पारावर टेकवला.

"काकी, तुमच्या दाढेचा ठणका ज्यानं खाल्ला, त्याले हा एवढासा पाईप जड हाये काय? देव हाये त लेकराईच्या कामाले येऊ द्या."

यमुताईनं गालावरून हात फिरवला. मग वाकली आणि जबड्यातल्या लवंगा एकेक वेचून पदरात घेतल्या.

रुपरावनं दांड्याला हात घातला. खदानीत चार जण लोंबकळले तेव्हा हा दांडा केसभर हलला नव्हता. दोन महिने रॉकेलात बुडवावा लागेल असा त्याचा हिशेब होता. इथं महिनाभर गावानं तेल पाजलं होतं. शेंगदाण्याचं, जवसाचं, तिळाचं, ज्याला जे जमलं ते. दांडा लोण्यात फिरावा तसा फिरला. रुपरावचे डोळे दुसऱ्यांदा भरले. पाईप दाढांत बसला, नत्थूजी आणि दोघं जण पान्याला लोंबले, आणि बूड म्हणाल तर जागचं हललं नाही. कटकन आवाज झाला आणि सॉकेट सुटली.

सांजेला पंप चालू झाला. पहिला गुंड दाढेबाबावर ओतला, हे काय सांगायला पाहिजे? ज्या देवानं पाणी दिलं तो आता रुपरावच्या घरी येणं शक्य नव्हतं. ते त्यालाही कळलं. वर सुभद्रा घरी एक शब्द बोलली नाही, आणि तिचं न बोलणं बोलण्याहून वाईट असे.

मंगळवारी सकाळी रुपराव पाराकडून आला तर दारात गोविंदाची गाडी. पण गाडी रिकामी होती आणि गोविंदा पायताण काढून, हात जोडून उभा होता. गोठ्यात बैल कोरड्यात रवंथ करत होते. बाहेर ओसरीच्या कडेनं अकरा वाईस रांगेत मांडलेले. मेमसाब, मालगुजार, सासू, सारे शेंदरानं लालभडक, आणि प्रत्येकासमोर एकेक फूल.

गोविंदा म्हणाला, देवाचं लोखंड आपन तोलत नाही. लकडगंजात हात कोन लावीन? आणि बैल वळवून निघून गेला.

रुपरावनं सासूसमोरचं फूल उचलून परत ठेवलं. मग हळूच म्हणाला, "तुही त ढवळ्याची शप्पथ होती वं."

"गाडी आनाले लावीन म्हटलं होतं. आनाले लावली," सुभद्रा म्हणाली. "त्यानं नेले नाही, त मी काय करू?"

"आन् मी आनला, हे तुले कवा समजलं?"

"पयल्याच शनिवारी. सावनेरच्या दुकानाची पुडी पारावरच पडली होती. शेंदूर मीच सांगतला होता ना?"

तिनं लाल झालेली बोटं पदराला पुसली आणि बैलांसाठी पाण्याची बादली उचलली.

"पन आता आयका. तेरावा आनसान त तुमालेच शेंदूर फासीन आन् पारावर नेऊन बसवीन. सिमेंट हाये अजून सरपंचाकडं."